वाचकांचे प्रश्न : ट्रवेरिनच्या खोऱ्यातलं कापेल केलिन

मागच्या अंकात धरणांवरच्या लेखात एकच ओळ होती, की वेल्समधलं कापेल केलिन नावाचं गाव १९६५ साली इंग्लंडातल्या लिव्हरपूल शहराच्या पाण्यासाठी बुडवलं गेलं. त्या ओळीवर इतकी पत्रं आणि मेसेज आले की यावेळचं सगळं सदर त्यालाच दिलंय. सारखे प्रश्न एकत्र केलेत आणि नेहमीप्रमाणे नावं न छापता फक्त गावं दिलीत.

पाटण (जि. सातारा) : ताई, आमचं मूळ गाव कोयनेच्या पाण्यात गेलं. माझा जन्म नंतरचा, पण आजी अजून तिथल्या देवळाबद्दल बोलते. गाव बुडालं एवढंच सगळे सांगतात, बुडायच्या आधी ते कसं होतं ते कोणी सांगत नाही. हे कापेल केलिन नक्की होतं कसं, लोक काय करायचे?

दादा, सगळ्यात आधी तुमचाच प्रश्न घेतला, कारण कापेल केलिनबद्दल जिथे तिथे धरणाची, आंदोलनाची गोष्ट वाचायला मिळते आणि गावाची गोष्ट दोन ओळीत संपते.

वेल्सच्या उत्तर भागात बाला नावाचं छोटं बाजारगाव आहे, लिन तेगिद या तळ्याच्या काठावर, आणि हे तळं म्हणजे वेल्समधलं सगळ्यात मोठं नैसर्गिक तळं. बालाहून वायव्येला निघालं की ट्रवेरिन नदीचं खोरं लागतं. दक्षिणेला आरेनिग वाउर हा ८५४ मीटरचा डोंगर, वर गवताळ ओसाड माळ, दलदल, आणि खाली नदीकाठाने थोडी बरी गवताची जमीन. या बऱ्या जमिनीच्या पट्ट्यात कापेल केलिन होतं. पण 'गाव' म्हटल्यावर आपल्या डोळ्यापुढे जे येतं, मध्ये चावडी, देऊळ, चिकटून चिकटून घरं, तसं ते नव्हतं. चॅपेल म्हणजे छोटं प्रार्थनाघर, शाळा, पोस्ट आणि थोडी घरं एका जागी, आणि बाकी शेतघरं अंतरा-अंतरावर डोंगराच्या उतारांवर पसरलेली. वेल्सच्या डोंगराळ भागात बहुतेक वस्ती अशीच असते, कारण मेंढरं पाळायची तर प्रत्येक घराला खाली थोडं कुरण आणि वर डोंगराचा एक तुकडा लागतो, दाटीवाटीने राहून ते जमतच नाही.

आता मेंढरांबद्दल थोडं जास्त सांगते, कारण गाव कळायचं तर हे कळलं पाहिजे. वरच्या डोंगरावर कुंपण नसतं. तरी एका शेताची मेंढरं दुसऱ्याच्या हद्दीत फारशी जात नाहीत, कारण कोकरू आईच्या मागे चरता चरता आपला डोंगराचा तुकडा शिकतं, मग ते मोठं होऊन आपल्या कोकराला शिकवतं, असं पिढ्यानपिढ्या चालतं. म्हणून तिकडे शेत विकलं की बऱ्याचदा कळप शेतासोबतच जातो, नवीन कळप आणून सोडला तर तो कुठेही भरकटेल. प्रत्येक शेताची मेंढराच्या कानावरची खूण ठरलेली, कोणाचं मेंढरू चुकून आलं तर कान बघून परत पाठवायचं. लोकर कापायचा दिवस शेजाऱ्याशेजाऱ्यांनी वाटून घेतलेला असायचा, आज तुमच्याकडे तर परवा आमच्याकडे, सगळे एकमेकांच्या खळ्यात कामाला हजर, पैशाचा हिशोब नाही, आणि त्या दिवशी घरातल्या बायकांनी एवढ्या लोकांचं जेवण करायचं. आपल्याकडच्या शेतकऱ्याला हे समजावून सांगायची गरज नाही.

दुसरा खांब चॅपेल. हे लोक कॅल्विनिस्टिक मेथडिस्ट पंथाचे, म्हणजे इंग्लंडच्या सरकारी चर्चपासून वेगळे झालेले. रविवारी प्रार्थना, आणि संडे स्कूल, जे तिकडे फक्त मुलांचं नसतं, मोठी माणसं, म्हातारी माणसंही बसतात आणि बायबलमधल्या ओळींवर वाद घालतात. विल्यम मॉर्गन नावाच्या धर्मगुरूने १५८८ साली अख्खं बायबल वेल्श भाषेत आणलं होतं, आणि अठराव्या शतकाच्या शेवटी बालाच्या थॉमस चार्ल्सने संडे स्कूलचं जाळं उभं केलं, त्यामुळे ज्या काळात शाळेत आणि कचेरीत इंग्रजीच चालायची त्या काळातही या डोंगरातले मेंढपाळ, मोलकरणी आपल्या भाषेत वाचायला शिकले. कापेल केलिनमध्ये घरात, शाळेत, पोस्टात, सगळीकडे वेल्शच बोलली जायची.

आणि गाणं! हा भाग गाण्यासाठी नावाजलेला होता. तिथे एक प्रकार आहे, हार्पवर एक जुनी चाल वाजत असते आणि गाणारा तिच्यावर दुसऱ्याच चालीत कविता म्हणतो, सुरुवात मागाहून करतो आणि शेवट मात्र हार्पच्या बरोबरीने गाठतो. ऐकायला सोपं वाटतं, करायला फार अवघड आहे, आणि हे करणारे लोक कोणी व्यावसायिक कलाकार नव्हते, दिवसभर मेंढरांमागे फिरून संध्याकाळी कोणाच्या तरी स्वयंपाकघरात जमणारे शेतकरी होते.

सांगली : या गावाचं किंवा आसपासचं इतिहासात कधी नाव आलं होतं का, की धरणामुळेच प्रसिद्ध झालं?

आलं होतं की, आणि एकदा नाही.

खोऱ्यात हावोद वादोग नावाचं एक शेत होतं. सतराव्या शतकात तिथे क्वेकर पंथाचे लोक प्रार्थनेला जमायचे. क्वेकर म्हणजे पाद्री न मानणारे, शपथ न घेणारे, शस्त्र न उचलणारे लोक, त्यामुळे त्या काळच्या सरकारने त्यांना दंड, जप्ती, तुरुंग असा भरपूर त्रास दिला. शेवटी १६८२ पासून पुढे हे खोरं ज्यात येतं त्या मेरियोनेथ परगण्यातून बरेच क्वेकर अमेरिकेत पेनसिल्व्हेनियाला निघून गेले. फिलाडेल्फियाजवळचं ब्रिन मॉर, जिथे आज मुलींचं प्रसिद्ध कॉलेज आहे, ते नाव याच परगण्यातल्या, डोलगेल्लाई गावाजवळच्या एका शेताचं आहे, रोलंड एलिस नावाचा क्वेकर शेतकरी १६८६ मध्ये ते सोबत घेऊन गेला.

मग एकोणिसावं शतक. जमीन कसणारे बहुतेक कुळं, जमीन मोठ्या इस्टेटींची. मतदान तेव्हा उघड व्हायचं, कोणी कोणाला मत दिलं ते सगळ्यांना कळायचं, गुप्त मतदान १८७२ मध्ये आलं. १८५९ च्या निवडणुकीत जमीनदाराच्या मर्जीप्रमाणे मत न देणाऱ्या काही कुळांना बालाजवळच्या रिवलास इस्टेटीने घरादारासकट बाहेर काढलं. या रागातून त्या भागात पुढची पन्नास वर्षं राजकारण घडलं. बालाच्या धार्मिक कॉलेजचे प्रमुख मायकल डी. जोन्स यांच्या डोक्यात तर वेगळीच कल्पना आली, की जिथे इंग्रज जमीनदार नाही आणि इंग्रजी भाषा नाही अशा ठिकाणी जाऊन नवीन वेल्स वसवायचं. २८ मे १८६५ ला 'मिमोसा' नावाच्या जहाजातून दीडशेच्या आसपास माणसं अर्जेंटिनातल्या पॅटागोनियाला निघाली आणि तिथे आजही वेल्श बोलणारे लोक आहेत. जहाज सुटलं ते लिव्हरपूलच्या बंदरातून.

त्याच रिवलास इस्टेटीने पुढे १८७३ मध्ये बाला इथे मेंढरं वळवणाऱ्या कुत्र्यांची स्पर्धा भरवली, ब्रिटनमधली ती पहिली मानली जाते, आणि नंतर खोऱ्याच्या खालच्या टोकाला व्रोनगॉख इथे वेल्श व्हिस्कीचा कारखाना काढला. कारखाना चालला नाही, बंद पडला, आणि १९१६ मध्ये आयर्लंडमध्ये डब्लिनला ब्रिटिश सत्तेविरुद्ध झालेल्या उठावानंतर सुमारे १८०० आयरिश कैदी त्या रिकाम्या इमारतींमध्ये आणि बाजूच्या झोपड्यांमध्ये आणून ठेवले. त्यात पुढे आयर्लंडच्या स्वातंत्र्यलढ्याचे मोठे नेते झालेले मायकल कॉलिन्स होते. वेगवेगळ्या गावांतले बंडखोर सरकारनेच एका जागी आणून बसवले आणि त्यांनी तिथेच पुढच्या लढ्याची संघटना बांधली. कैद्यांच्या लक्षात राहिलेली एक गोष्ट म्हणजे आजूबाजूचे लोक आपसात इंग्रजी बोलत नाहीत, इंग्लंडच्या इतक्या जवळ असूनही यांनी भाषा टिकवली आहे.

१८८२ च्या सुमारास बालाहून ब्लायनाई फेस्टिनिऑगकडे याच खोऱ्यातून रेल्वेही आली. प्रवासी गाड्या जानेवारी १९६० ला बंद केल्या आणि पुढच्या वर्षी मालगाड्या, कारण रुळाचा एक भाग धरणाखाली जाणार होता.

नाशिक (बी.ए. भूगोल) : लिव्हरपूल इंग्लंडमध्ये, गाव वेल्समध्ये. मग हीच दरी का निवडली? आणि एवढ्या लांबून पाणी नेतात कसं?

लांब म्हणशील तर फार लांब नाही, नकाशा उघडून बघ. वेल्सचे डोंगर अटलांटिकवरून येणारे ढग अडवतात, पाऊस तिथे पडतो, आणि डोंगराच्या पूर्वेला सपाटीवर इंग्लंडची कारखानदार शहरं. डोंगरात पाणी भरपूर आणि माणसं कमी, सपाटीवर माणसं भरपूर आणि पाणी कमी. म्हणून एकोणिसाव्या शतकापासूनच मोठ्या शहरांची नजर वेल्सच्या दऱ्यांवर होती. लिव्हरपूलने १८८० च्या दशकात व्हर्नवी नदीवर दगडी धरण बांधलं, ब्रिटनमधलं पहिलं मोठं दगडी धरण, आणि त्यात लानवदिन हे गाव बुडवलं, दोन चॅपेलं, तीन खानावळी, ३७ घरं आणि १० शेतघरं असलेलं. गावकऱ्यांसाठी खाली नवीन लानवदिन बांधून दिलं. नंतर बर्मिंगहॅम शहराने वेल्समधलंच एलान खोरं घेतलं. म्हणजे ट्रवेरिन ही पहिली वेळ अजिबात नव्हती.

ट्रवेरिनचं खोरं हिमनदीने कोरलेलं आहे, तळ रुंद, कडा उंच, आणि खालच्या बाजूला दरी आवळत जाते, धरणाला लागते तशीच जागा. आजूबाजूचे खडक ज्वालामुखीचे, साधारण ४७ कोटी वर्षांपूर्वीचे, आणि तू भूविज्ञान घेतलं असशील तर ऑर्डोव्हिशियन कालखंडातला 'आरेनिग' हा टप्पा पाठ असेल तुला, त्याचं नाव याच आरेनिग डोंगरावरून अ‍ॅडम सेजविकने ठेवलंय. धरण काँक्रीटचं नाही, मातीचं भराव धरण आहे. तळं साधारण अडीच मैल लांब, एक मैल रुंद, आणि सगळ्यात खोल जागी १४० फूट. सुमारे ८०० एकर जमीन पाण्याखाली गेली.

आता पाणी नेण्याचं. व्हर्नवीहून लिव्हरपूलला थेट जलवाहिनी टाकलेली होती, शंभर किलोमीटरच्या वर. ट्रवेरिनला तसं केलं नाही. धरणातून पाणी नदीत सोडायचं, ट्रवेरिन बालापाशी डी नदीला मिळते, डी वाहत वाहत चेस्टरकडे जाते, आणि चेस्टरजवळ हंटिंग्टनला ते उचलून शुद्ध करून शहराला द्यायचं. म्हणजे या धरणाचं काम मुख्यतः डी नदीला बाराही महिने पुरेसं वाहतं ठेवणं, उन्हाळ्यात सोडायचं, पावसाळ्यात अडवायचं. यामुळे खालच्या भागातला पूरही थोडा आटोक्यात येतो. अभियांत्रिकी म्हणून ही योजना चांगली आहे, हे मान्य करायला हवं, आणि ते मान्य केल्यावर प्रश्न उरतो तो वेगळाच, तो पुढच्या पत्रात आलाय.

अजून एक, जे फार कमी लोकांना माहीत असतं. लिव्हरपूलने १९५५ मध्ये आधी वेल्समधल्याच डोलानॉग गावाची जागा पुढे केली होती. तो भाग अ‍ॅन ग्रिफिथ्सचा. ही १७७६ मध्ये जन्मलेली शेतकऱ्याची मुलगी, अठ्ठावीस-एकोणतीस वर्षांची असताना बाळंतपणानंतर गेली, तिची भक्तिगीतं तिने स्वतः फारशी लिहून ठेवलीच नव्हती, घरातल्या रूथ नावाच्या मोलकरणीला ती तोंडपाठ होती, तिला लिहिता येत नव्हतं, तिने नवऱ्याला सांगितली आणि त्याने उतरवून घेतली, म्हणून आज ती आहेत. तिच्या स्मारकाचं चॅपेल डोलानॉगला आहे. तिकडे हात लावणार म्हटल्यावर वेल्समध्ये गदारोळ झाला, मग शहराने ती जागा सोडली आणि ट्रवेरिनकडे वळलं. वेल्समधले बरेच लोक म्हणतात की डोलानॉग ही हुलकावणीच होती, खरा डोळा आधीपासून ट्रवेरिनवर होता.

पुणे : वेल्सचे खासदार विरोधात होते असं वाचलं. मग लोकशाहीत हे झालंच कसं? गावाला कोणी विचारलं नाही का?

नाही विचारलं. गावकऱ्यांना आपलं गाव बुडणार हे पेपरात वाचून कळलं, डिसेंबर १९५५ मध्ये. हे मला या सगळ्या प्रकरणातलं सगळ्यात वाईट वाटतं, धरणापेक्षाही.

पद्धत अशी वापरली. नेहमीच्या मार्गाने गेले असते तर तिथल्या वेल्श स्थानिक प्रशासनाची परवानगी लागली असती आणि ती मिळाली नसती. म्हणून लिव्हरपूल महापालिकेने थेट लंडनच्या संसदेत खाजगी विधेयक आणलं. संसदेने कायदा केला की खालच्या कोणाच्या परवानगीचा प्रश्नच उरत नाही. आणि संसदेत वेल्सचे खासदार होते किती, तर सहाशेच्या वर सभासदांमध्ये फक्त ३६. त्यातल्या ३५ जणांनी विरोध केला तरी काही फरक पडला नाही. वेल्सच्या नगरपालिका, परगणा समित्या, चॅपेलं, कामगार संघटना, सगळ्यांनी ठराव करून पाठवले होते. मंत्री हेन्री ब्रुक यांच्याकडे गृहनिर्माण खातं होतं आणि वेल्सचा कारभारही त्यांच्याकडेच, म्हणजे ज्याने वेल्सची बाजू मांडायची तोच विधेयकाच्या बाजूने उभा. १ ऑगस्ट १९५७ ला कायदा झाला. ही दरी स्नोडोनिया राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत होती, उद्यान १९५१ मध्ये जाहीर झालेलं, तेही आडवं आलं नाही.

गावकऱ्यांनी केलं ते सगळं सभ्य मार्गाने. बचाव समिती काढली, तिच्या सचिव एलिझाबेथ वॉटकिन जोन्स यांनी पत्रांवर पत्रं लिहिली. नोव्हेंबर १९५६ च्या सुरुवातीला वेल्श राष्ट्रीय पक्षाचे, म्हणजे प्लाइड कमरीचे, अध्यक्ष ग्विनवोर एव्हान्स लिव्हरपूलच्या महापालिका सभेत बोलायला उभे राहिले तर नगरसेवकांनी टेबलं बडवून, आरडाओरडा करून त्यांना गप्प केलं आणि बाहेर काढलं. दोन आठवड्यांनी, २१ नोव्हेंबरला, जवळजवळ अख्खं गाव बसमध्ये बसून लिव्हरपूलला गेलं. म्हातारी माणसं, शाळेतली पोरं, रविवारचे कपडे घातलेले, हातात फलक, तुमची घरं सुरक्षित आहेत, आमची बुडवू नका. ज्यांनी आयुष्यात कधी मोर्चा बघितला नसेल ते लोक एका परक्या मोठ्या शहराच्या रस्त्यावरून चालत होते.

परकं तरी कसं म्हणायचं, लिव्हरपूल हे उत्तर वेल्सच्या लोकांचं जवळचं शहर होतं. पिढ्यानपिढ्या लोक तिकडे कामाला गेले, वेल्श बिल्डरांनी तिथल्या गल्ल्याच्या गल्ल्या बांधल्या, वेल्श चॅपेलं होती, वेल्सचा राष्ट्रीय साहित्य-संगीत उत्सव, आयस्टेथवॉद, १८८४, १९०० आणि १९२९ मध्ये लिव्हरपूलमध्ये भरला होता. ट्रवेरिनच्या शेतकऱ्यांचे भाऊ, मेहुणे त्या शहरात राहत होते, त्याच नळाचं पाणी पिणारे.

ठाणे : राग मानू नका, पण घरं गेली ती ४८ माणसांची. म्हणजे आपल्याकडची एक चाळही भरणार नाही. समोर लाखो लोकांचं शहर, युद्धात बॉम्बने उद्ध्वस्त झालेलं, झोपडपट्ट्या हटवून नवी घरं बांधायची होती. त्यांना पाणी नको का? एवढ्या लहान गोष्टीची साठ वर्षं आठवण का काढतात?

राग कशाला, प्रश्न रास्त आहे आणि लिव्हरपूलच्या लोकांचंही तेव्हा हेच म्हणणं होतं. ज्या घरात न्हाणीघर नाही, दहा घरांत एक संडास आहे, त्या घरातल्या बाईला नळ हवा होता, आणि तिने कापेल केलिनचं काही वाईट चिंतलं नव्हतं. खोऱ्यात एकूण ६७ माणसं, त्यातली ४८ बेघर झाली, १२ घरं-शेतघरं, शाळा, पोस्ट, चॅपेल, कबरस्तान. आकडे तुम्ही म्हणता तसेच लहान आहेत.

पण माझं म्हणणं नीट ऐका. विरोधकांचा त्या वेळचा मुद्दा असा होता की शहराला पिण्यासाठी लागतं त्यापेक्षा जास्त पाणी हवंय, ते कारखान्यांना आणि बाजूच्या पालिकांना विकायला, आणि दुसऱ्या जागाही होत्या ज्यात गाव जात नव्हतं. यावर मोकळी चर्चा व्हायला हवी होती, गावकऱ्यांसमोर, वेल्समध्ये. ती झाली असती आणि शेवटी गाव सोडावंच लागलं असतं तर दुःख झालं असतं, पण ते दुःख वेगळं. इथे एका अख्ख्या देशाने, आणि वेल्सचे लोक स्वतःला देशच मानतात, जवळजवळ एकमुखाने नाही म्हटलं आणि त्या नाहीला काडीची किंमत नाही हे त्यांना एका दिवसात दिसलं. म्हणून ४८ माणसांची गोष्ट तीस लाखांची झाली. आणि ज्या भाषेत घरापासून पोस्टापर्यंत सगळा व्यवहार चालतो अशी गावं आधीच कमी होत चालली होती, त्यातलं एक गेलं. घरं दुसरीकडे बांधून देता येतात, पण वर सांगितलं तसं डोंगर ओळखणारा कळप, लोकर कापायला येणारा शेजारी आणि संध्याकाळच्या गाण्याला जमणारं स्वयंपाकघर, हे सगळं एकमेकांत गुंतलेलं असतं, माणसं चार दिशांना चार गावांत गेली की ते पुन्हा जुळत नाही. माझं मत असं की नुकसानभरपाईच्या कागदावर हा रकाना कुठल्याच देशात नसतो.

कोल्हापूर : नेटवर एका पडक्या भिंतीचा फोटो दिसतो, लाल रंगावर पांढरी अक्षरं, खाली लोक श्रद्धांजलीसारखं लिहितात. तो याच गावाचा का? आणि शेवटी झालं काय?

भिंत गावातली नाही, ती बरीच दक्षिणेला, समुद्राजवळ, अ‍ॅबरिस्टविथच्या खाली लानरिस्टिद गावापाशी रस्त्यावर आहे. एका पडक्या घराची भिंत. १९६० च्या दशकात मीक स्टीव्हन्स यांनी, जे पुढे वेल्श साहित्याचे मोठे अभ्यासक झाले, तिच्यावर रंगवलं 'कोव्यूख द्रवेरिन', म्हणजे ट्रवेरिन विसरू नका. नंतर कितीतरी जणांनी ती पुसली, कितीतरी जणांनी परत रंगवली. २०१९ मध्ये कोणीतरी आधी तिच्यावर दुसरंच काहीतरी रंगवलं आणि मग भिंतीचा भागच पाडला, तर लोकांनी दगड रचून ती उभी केली आणि वेल्सभर, घरांच्या, गोठ्यांच्या, दुकानांच्या भिंतींवर तीच अक्षरं उमटली, शंभराच्या वर ठिकाणी.

आता शेवट काय झाला ते. काम सुरू झाल्यावर काही तरुणांनी घातपात केला. १९६२ मध्ये दोघांनी धरणाच्या कामावरच्या ट्रान्सफॉर्मरचं तेल सोडून दिलं, त्यांना दंड झाला. फेब्रुवारी १९६३ मध्ये तिघांनी बर्फात जाऊन ट्रान्सफॉर्मर उडवला, त्यात एमिर लेवेलिन नावाच्या विद्यार्थ्याला एक वर्षाची शिक्षा झाली. धरण थांबलं नाही. जुलै १९६३ मध्ये शाळा बंद झाली, सप्टेंबरमध्ये चॅपेलमध्ये शेवटची प्रार्थना झाली, माणसं मावत नव्हती असं सांगतात. कबरस्तानातले आठ मृतदेह नातेवाइकांच्या इच्छेने दुसरीकडे नेले, बाकीच्यांवर काँक्रीट ओतलं. घरं पाडली, झाडं तोडली आणि पाणी सोडलं.

२१ ऑक्टोबर १९६५ ला उद्घाटन. शेकडो निदर्शक जमले, घोषणा, दगडफेक, माइकच्या तारा कापल्या, समारंभ तीनेक मिनिटांत आटोपावा लागला.

लगेच राजकारण पालटलं असं बरेच जण लिहितात, ते तितकं सरळ नाही. १९५९ मध्ये ग्विनवोर एव्हान्स याच मेरियोनेथ मतदारसंघातून उभे राहिले आणि हरले, आणि त्यांच्या पक्षातल्या तरुणांना त्यांची सनदशीर पद्धत फार मवाळ वाटत होती. पण १९६४ मध्ये वेल्ससाठी स्वतंत्र मंत्री आला, जुलै १९६६ मध्ये कारमार्दनच्या पोटनिवडणुकीत एव्हान्स निवडून आले, पक्षाचे पहिले खासदार, १९६७ मध्ये वेल्श भाषेचा कायदा झाला, आणि खूप पुढे १९९९ मध्ये वेल्सची स्वतःची विधानसभा. या सगळ्याचं श्रेय एकट्या ट्रवेरिनला देता येणार नाही, पण प्रत्येक टप्प्यावर भाषणात ते नाव होतं.

लिव्हरपूलच्या महापालिकेने ऑक्टोबर २००५ मध्ये माफी मागितली. वेल्समध्ये काहींनी ती स्वीकारली, काहींना फार उशीर झाला असं वाटलं. माझ्या मते उशिरा का होईना, मागितली ते बरं झालं, कागदावर आलं. तळं आता लिव्हरपूलकडे नाही, वेल्सच्या पाणी कंपनीकडे आहे.

शिलाँग : बदलीमुळे आम्ही मराठी कुटुंब इथे आलोय. इथल्या जुन्या चर्चवर, शाळांवर वेल्श मिशनऱ्यांची नावं दिसतात. ते हेच लोक का?

त्याच पंथाचे, हो. कॅल्विनिस्टिक मेथडिस्टांनी १८४० मध्ये लिव्हरपूलमध्येच आपली परदेशी मिशन संस्था काढली आणि तिचा पहिला माणूस थॉमस जोन्स १८४१ मध्ये सोहराला, म्हणजे चेरापुंजीला पोचला. खासी भाषा त्याने रोमन लिपीत लिहिली आणि स्पेलिंगची पद्धत बरीचशी वेल्शची वापरली, आजची खासी तशीच लिहितात. शाळा, दवाखाने यांचा खर्च वेल्समधल्या अशाच डोंगरातल्या चॅपेलांमधून पै पैशाने गोळा व्हायचा, मुलं डबे घेऊन घरोघरी फिरायची. खासी लोकांचं एक लाडकं गीत वेल्सच्या राष्ट्रगीताच्या चालीवर आहे, शेजाऱ्यांना म्हणायला सांगा.

मँचेस्टर : काकू, आम्ही इथून दोनेक तासांवर राहतो आणि हे काहीच माहीत नव्हतं याचं वाईट वाटलं. मुलांना घेऊन जायचंय. बघण्यासारखं काही उरलंय का?

नक्की जा. बालाहून ट्राउसवनिदकडे जाणारा ए ४२१२ हा रस्ता तळ्याच्या उत्तर काठाने जातो, गाडी असेल तर उत्तम, बस फारशा नाहीत. रस्त्याला लागूनच स्मारकाचं चॅपेल आहे, जुन्या चॅपेलचे आणि गावातले दगड वापरून बांधलेलं, अगदी साधं, आणि बाहेर जुन्या कबरस्तानातले नावांचे दगड आणून लावलेत, ते मुलांना वाचायला सांगा, आडनावं तीच तीच येतात, जोन्स, रॉबर्ट्स, एव्हान्स. काठावरच हावोद वादोगच्या क्वेकरांचा स्मृतिदगड आहे. व्रोनगॉखला आयरिश कैद्यांच्या छावणीची पाटी आहे, पाच मिनिटं थांबलात तरी पुरे. गावाचे अवशेष बघायला मिळतील या आशेने जाऊ नका, घरं आधीच पाडली होती, फार कोरड्या उन्हाळ्यात पाणी उतरलं तर जुन्या भिंतींचे पाये आणि झाडांचे बुंधे दिसतात, आणि तेव्हा चिखल असतो, मुलांना खाली उतरू देऊ नका.

धरणाच्या खाली ट्रवेरिन नदीवर राफ्टिंगचं केंद्र आहे, राष्ट्रीय पातळीचं. धरणातून सोडलेल्या पाण्यावरच ते चालतं, म्हणून इतर नद्या आटलेल्या असताना उन्हाळ्यात इथे जोरदार पाणी असतं. पण ते रोज सोडत नाहीत, सोडण्याच्या तारखा त्यांच्या वेबसाइटवर असतात, त्या बघूनच निघा आणि बोट आधी बुक करा.